गुन्हेगारी, गरिबी आणि बाजारातील उधारी

राज्याच्या आर्थिक प्रगतीची चर्चा निघाली की कारखाने, रस्ते, धरणे, वीज आणि परकीय भांडवल यांचे आकडे मांडले जातात. पोलीस ठाणे आणि न्यायालय यांचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच येतो. आम्ही अर्थशास्त्र शिकलेलो नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि पुढचे आयुष्य नाशिकच्या कापड बाजारात गेले. परंतु गुन्हेगारी वाढली म्हणजे राज्याचे उत्पन्न कसे घटते आणि गरीब आणखी गरीब कसा होतो, हे कापडाच्या पेढीवर बसून जितके स्पष्ट दिसते तितके इतर ठिकाणी दिसत नसावे. याचे कारण असे की आमचा धंदा रोखीवर फार कमी आणि उधारीवर फार जास्त चालतो.

आपल्याच जिल्ह्यातील मालेगावचे पाहा. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे मोसम नदीच्या काठी येऊन वसली. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर भरली. आजही शहराचे पोट यंत्रमागावरच आहे. तेथे सुताचा व्यापारी मागवाल्याला सूत उधार देतो. सायझिंगवाला बीम तयार करून देतो, तोही उधार. मागवाला कोरे कापड विणून दलालामार्फत विकतो. ते कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जाते, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे येते. घाऊक व्यापारी सिन्नर, येवला, मनमाडच्या दुकानदाराला मुदतीवर माल देतो आणि दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला पगार होईपर्यंत थांबतो. कोणाची मुदत तीस दिवसांची, कोणाची साठ, कोणाची नव्वद. या सगळ्या साखळीत स्वतःच्या पैशावर पूर्ण व्यवहार करू शकेल असा माणूस एखादाच निघेल.

चार किंवा आठ मागांच्या मालकाकडे बँकेत गहाण ठेवण्यासारखे काही नसते. घराची कागदपत्रे अपुरी असतात, मागही जुने असतात. त्याच्याजवळ असते ती बाजारातील पत. अमक्याचा मुलगा आहे, वायद्याला सच्चा आहे, एवढ्या जबानीवर त्याला लाखाचे सूत मिळते. म्हणजे गरीब कारागिराचे खरे भांडवल त्याची पत हेच होय. गुन्हेगारीचा पहिला घाव याच भांडवलावर बसतो, आणि तो घाव कोणत्याही पंचनाम्यात नोंदवला जात नाही.

संचारबंदीचा हिशेब

२००१ च्या ऑक्टोबरात मालेगावात दंगल, गोळीबार व संचारबंदी झाली. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबेबारातच्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक येथे स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मरण पावली. २९ सप्टेंबर २००८ रोजी, ईद तोंडावर आलेली असताना, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला आणि सहा जीव गेले. मृतांचे दुःख पैशात मोजता येत नाही आणि कोणी मोजूही नये. आम्ही येथे बोलत आहोत ते त्यानंतरच्या दिवसांविषयी, ज्यांचे वृत्तांत छापले जात नाहीत.

समजा, वीस मागांचा एक कारखाना आहे आणि एक माग दोन्ही पाळ्या मिळून साठ मीटर कापड काढतो. एका दिवसाच्या बंदीत बाराशे मीटर कापड विणले जात नाही, दहा दिवसांत बारा हजार मीटर. यंत्रमागावरचा कामगार मीटरप्रमाणे मजुरी घेतो. माग उभा तर मजुरी शून्य. आमच्याकडे या आठवड्याच्या मजुरीला हप्ता म्हणतात. गुंडाला द्यावी लागणारी रक्कमही हप्ताच! एका शब्दाचे हे दोन अर्थ एकाच मोहल्ल्यात नांदतात. तर, हप्ता बुडाला की कामगार किराणा दुकानात उधारी करतो, किराणावाला त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला थांबवतो, घरभाडे राहते, मुलाची फी राहते.

हे नुकसान उघड दिसते, आणि दोन-तीन महिने पाळ्या वाढवून ते थोडेफार भरूनही काढता येते. न भरून येणारे नुकसान पुढेच असते. बाहेरगावचा सुताचा व्यापारी शहराचे नाव वर्तमानपत्रात वाचतो आणि आपल्या माणसाला कळवतो की तिकडे सध्या हात आखडता घ्या. साठ दिवसांची मुदत पंधरा दिवसांवर येते. नव्या पार्टीला तर माल रोखीनेच. खरेदीदारही म्हणतो, तुमच्याकडे वेळेवर डिलिव्हरी होईल याची खात्री कोण देणार, भाव दोन पैसे कमी करा. दोन पैसे ऐकायला क्षुल्लक वाटतात, परंतु मागवाल्याचा मीटरमागे सुटणारा नफाही पैशांतच असतो. संचारबंदी उठल्यावर रस्ते एका दिवसात गजबजतात. बाजारातील मुदत पूर्वीच्या जागी यायला सहा महिने, कधी वर्ष लागते, असा आमचा पेढीवरचा अनुभव आहे.

या अडचणीच्या महिन्यांत मागवाल्याच्या दारात विनापरवाना सावकार उभा राहतो. बाजारात शेकडा दोन रुपये महिना हा दरच वर्षाला चोवीस टक्के पडतो, सावकार त्याच्या कितीतरी पट घेतो. आपल्या धर्मात व्याज हराम आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि देणाऱ्यालाही, पण घरात चूल पेटवायची असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तक्रार मात्र फारशी होत नाही, कारण तक्रार केली की पुढच्या अडचणीत तो दरवाजाही बंद होतो. अशा रीतीने एका गुन्ह्याने आणलेल्या गरिबीवर दुसरा गुन्हा पोसला जातो. माग शेवटी भंगाराच्या भावात विकला जातो आणि कालचा मालक दुसऱ्याच्या मागावर पाळी करतो. राज्याच्या उत्पादनातून चार माग कमी झाले, हे कोणत्या अहवालात लिहिले जाईल?

कैदेतला कमावता माणूस

याच मालेगावने आणखी एक गोष्ट पाहिली. २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. त्यांतील बहुतेकांना जामीन मिळाला तो २०११ च्या नोव्हेंबरात, आणि विशेष न्यायालयाने आरोपातून मुक्त केले ते २०१६ च्या एप्रिलात. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने निर्दोष सोडले. सतरा वर्षांनंतरही गुन्हेगार कोण याचे उत्तर शहराला मिळालेले नाही. आम्ही न्यायालयाच्या निकालावर भाष्य करीत नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने एवढेच म्हणतो की तपास चुकला की तोटा दोनदा होतो. खरा गुन्हेगार मोकळा राहतो म्हणून बाजारातील भीती जात नाही, आणि कमावता निरपराध माणूस आत बसतो म्हणून एक घर बसते. घरातली सोन्याची दोन मणी मोडली जातात, स्त्रिया रात्री जागून कांड्या भरतात, शाळेत जाणारा मुलगा मागावर उभा केला जातो. तो मुलगा पुन्हा शाळेत जात नाही.

ही गोष्ट नऊ घरांपुरती नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्याच्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. त्यातून दिसले की तुरुंगातील त्यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाच्या तिपटीच्या घरात आहे आणि पुष्कळांचा संघटित टोळ्यांशी संबंधच नाही. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून लोक आत राहतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे की ज्याचा पहिलाच गुन्हा आहे त्याने शिक्षेच्या कमाल मुदतीचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले असतील तरीही ही सवलत नाही. मोहल्ल्यातील वकील मंडळींनी या कलमाकडे लक्ष द्यावे.

गरिबी म्हणजे गुन्हेगारी नव्हे

पुष्कळ शिकलेले लोक सहज बोलून जातात की गरिबी आहे तेथे गुन्हे असणारच. आम्हांला हे मान्य नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात महाराष्ट्रातील सर्वांत गरीब जिल्हा नंदुरबार ठरला. २०१९-२१ च्या पाहणीत तेथील सुमारे एक तृतीयांश लोक गरीब होते, तर राज्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्याही आत होते. नंदुरबारच्या आदिवासी बाजारात आमचा माल जातो. आठवडे बाजारात फडकी, लुगडी विकणाऱ्या आमच्या माणसाला तेथे कोणी लुबाडले असे झाले नाही. याउलट गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत खंडणीची दहशत होती ती राज्यातील सर्वांत श्रीमंत शहरात, मुंबईत. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा १९९४ च्या मे महिन्यात भर दिवसा खून झाला. गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या होत्या. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा १९९९ मध्ये करावा लागला. गुन्हेगार पैसा असेल तेथे जातो. गरीब वस्तीतून त्याला फक्त पोरे भाड्याने मिळतात.

गुन्ह्यांच्या आकड्यांबाबतही सावध असावे. केरळात नोंदलेल्या गुन्ह्यांचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकात असते आणि तेथील गरिबी सर्वांत कमी आहे. तेथे माणूस ठाण्यात गेला की तक्रार लिहून घेतली जाते, हे त्याचे मोठे कारण. ज्या ठाण्याच्या वहीत गुन्हेच नाहीत तेथे शांतता असेलच असे नाही.

पैसा गरीब जिल्ह्यात येऊ लागला की काय होते ते बीडने दाखवले. ऊसतोड मजुरांचा हा जिल्हा. तेथे पवनऊर्जेचे प्रकल्प आले. आरोपपत्राप्रमाणे अशाच एका कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली आणि आड आलेले मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अमानुष खून झाला. त्याची झळ राज्याच्या मंत्रिमंडळापर्यंत पोहोचली आणि मार्च २०२५ मध्ये एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. प्रकरण न्यायालयात आहे. परंतु उद्या दुसरी कंपनी बीडच्या माळरानावर पाय ठेवण्यापूर्वी विचार करील, आणि जी येईल ती खंडणीचा खर्च आधीच धरून मजुराचा दर ठरवील. जिल्ह्याबाहेर कोयता घेऊन जाणाऱ्या मजुराला गावात मिळू शकणारे काम असे हातचे जाते.

आमच्या नाशिकमध्येही २०२५ साली खुनांच्या बातम्या वाढल्या आणि ऑक्टोबरात पोलिसांनी जोरदार मोहीम काढली. ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे संशयितांच्या तोंडून वदवून घेतल्याची चित्रे घरोघर पाहिली गेली. लोक खूष झाले. बाजारपेठेतील दुकानदारांनाही बरे वाटले, हे खरे. परंतु तोंडून वदवून घेतलेल्या वाक्यापेक्षा वेळेत दाखल झालेले आरोपपत्र आम्हांला जास्त मोलाचे वाटते. व्यापाऱ्याला गुंडाची फजिती बघायची नसते. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे ठेवता यावे, एवढेच त्याला हवे असते.

भिवंडीने काय केले

भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. माग जळाले, कारागीर गावी पळाले. त्यानंतर १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तेथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्यांनी त्या त्या गल्लीतील साधे हिंदू-मुसलमान रहिवासी, भाजीवाले, मागवाले, मजूर यांना हवालदाराबरोबर नियमित बसवले. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, मिरवणुकीचा मार्ग असे प्रश्न तेथेच मिटू लागले. खोपडे बदलून गेले तरी समित्या चालू राहिल्या. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळत असताना पन्नास किलोमीटरच्या आत असलेली भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव निघाले की दंगल आठवायची, त्याच गावात माग चालू होते. पुढे तेथे यंत्रमागांचा केवढा विस्तार झाला आणि शेजारी गोदामांची केवढी रांग उभी राहिली, हे कापड व्यापाऱ्यांना सांगायला नको. या कामाला सरकारी तिजोरीतून कोट्यवधी रुपये लागले नव्हते.

भिवंडीचीच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही आपल्याच लोकांची बाजू घेतो असे होईल. वीजचोरी हा गुन्हा आहे, २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे त्यास तुरुंगवास आहे, आणि यंत्रमागाच्या गावांत तो झाला आहे. २००७ च्या जानेवारीत भिवंडीची वीज खासगी कंपनीकडे देण्यात आली, त्यापूर्वी तेथे निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. मालेगावातही २०२० च्या मार्चपासून तसेच झाले. या कंपन्यांच्या बिलांविषयी लोकांच्या तक्रारी आहेत, तो वेगळा विषय. परंतु आकडा टाकणारा म्हणतो की आम्ही गरीब आहोत, सरकारचे काय जाते? सरकारचे नव्हे, शेजाऱ्याचे जाते. महावितरण ज्या फीडरवर गळती व थकबाकी जास्त त्या फीडरवर भारनियमन जास्त ठेवते. म्हणजे चोरी करणाऱ्या दहा जणांमुळे त्याच तारेवरचा प्रामाणिक मागवाला तासन्‌तास अंधारात बसतो आणि त्याचा कामगार मजुरीला मुकतो.

फसवणुकीची तक्रार

आता आमच्या धंद्यातील रोजच्या गुन्ह्याकडे येऊ. माल उचलायचा, दोन-तीन वायदे सचोटीने पाळायचे, नंतर मोठी खरेदी करून पेढीला कुलूप लावायचे, हा प्रकार सुरत, भिवंडी, मालेगाव सगळीकडे चालतो. उत्तरेकडील एका शहरातील पार्टीने आमच्याही गाठी अशाच उचलल्या होत्या. नाव घेत नाही. आम्ही तो तोटा सोसला, कारण पाठीशी पेढी होती. त्याच पार्टीला माल दिलेल्या एका लहान मागवाल्याने मात्र माग विकले. पुढे दोन हंगाम त्या शहरातील सचोटीच्या दुकानदारांनाही बाजाराने मुदत दिली नाही.

द्राक्षाच्या व्यापारात नाशिकच्या शेतकऱ्याने हेच भोगले. व्यापारी बागेतून माल उचलतो, न वटणारा धनादेश देतो आणि नाहीसा होतो. २०२० च्या सप्टेंबरात प्रताप दिघावकर हे नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले आणि त्यांनी अशा तक्रारी एकत्र करून व्यापाऱ्यांना ठाण्यात बोलावले. शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये परत मिळाले. गुन्हा दाखल होणार हे दिसल्यावर अनेकांनी आपणहून पैसे आणून दिले. विणकरांच्या बाबतीत असे का होत नाही? एक तर आपला माणूस ठाण्याची पायरी चढायला भितो. दुसरे म्हणजे त्याच्याजवळ दाखवायला कागद नसतो, कच्च्या चिठ्ठीवर माल गेलेला असतो.

कायद्यात आज विणकराच्या बाजूने बरेच काही आहे. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी मुद्दल मागावी, कायदा आड येत नाही. २०२३-२४ या वर्षापासून आयकरातही तरतूद झाली की मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तेव्हा काही मोठ्या व्यापाऱ्यांनी लहान कारखानदारांना नोंदणीच रद्द करा असे सुचवले होते. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उशिराच्या पैशांबाबतचे हे संरक्षण नाही, ते मागवाल्यासाठी आणि मजुरीवर विणून देणाऱ्यासाठी आहे.

उद्यम नोंदणीला शुल्क नाही. आधार आणि पॅन लागते. नोंदणी माल देण्यापूर्वीची असलेली बरी. बिल पक्के, जीएसटीचे असावे आणि माल पोचल्याची सही घ्यावी. पैसे अडकल्यास जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करून सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. धनादेश परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. दलाल म्हणेल, थांबा, तो देणार आहे. त्याच्या शब्दावर या तारखा निघून जाऊ देऊ नयेत.